पहिल्या पावसानंतर नळाला गढूळ पाणी: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

पावसाळ्याचे पहिले दोन-चार जोरदार पाऊस झाले की पाणीपुरवठा विभागाची सूचना ठरलेली असते: पाणी गढूळ येण्याची शक्यता आहे, उकळून व गाळून प्यावे. तक्रारीही त्याच आठवड्यात सुरू होतात. पाणी मातकट आहे, वास येतोय, मुलांची पोटं बिघडली आहेत. मग कोणीतरी टाकी धुऊन घेतं, कोणी फिल्टरचं कार्ट्रिज बदलतं, आठवडाभर बरं चालतं आणि पुढच्या मोठ्या पावसाला सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

हे दरवर्षी होतं, कारण दोष कुठे आहे हे न शोधताच इलाज केला जातो. उगमापासून पेल्यापर्यंत पाणी चार ठिकाणी बिघडू शकतं: शुद्धीकरण केंद्रात, रस्त्याखालच्या जलवाहिनीत, मुख्य वाहिनीपासून तुमच्या मीटरपर्यंतच्या जोडणीत आणि तुमच्या स्वतःच्या टाक्यांत व पाइपांत. चारही ठिकाणचा दोष वेगळा, उपाय वेगळा आणि जबाबदार माणूसही वेगळा. वाहिनी फुटलेली असताना गच्चीवरची टाकी कितीही धुतली तरी काही होणार नाही. जमिनीखालच्या टाकीत बाहेरचं पाणी शिरत असेल तर विभागाकडे केलेल्या तक्रारीचाही उपयोग नाही.

शोध नंतर, आधी आजच्या पिण्याच्या पाण्याचं बघा

पाणी गढूळ आहे, वास येतोय किंवा उकळून पिण्याची सूचना निघाली आहे, तर कारण सापडेपर्यंत थांबू नका. पाणी भांड्यात स्थिर ठेवा, वरचं निवळलेलं पाणी स्वच्छ सुती कापडाच्या दोन-तीन पदरांतून गाळा आणि मग उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट उकळत ठेवायचं. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंच राहणाऱ्यांनी ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. झाकण ठेवूनच गार होऊ द्या आणि त्याच भांड्यात साठवा. उकळलेलं पाणी न उकळलेल्या पाण्याच्या घागरीत ओतलं, किंवा हात बुडवून पेला भरला, तर सगळी मेहनत वाया जाते. दात घासायला, बाळाचं दूध कालवायला आणि कच्च्या भाज्या-फळं धुवायलाही हेच पाणी वापरा. बर्फाचा ट्रे आधी भरलेला असेल तर तो ओतून टाका.

उकळणं शक्य नसेल तर क्लोरिनच्या गोळ्या किंवा द्रावण पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि पूर्ण अर्धा तास थांबा. इथे घाई करू नये. क्लोरिनला जंतू मारायला वेळ लागतो, आणि गढूळ पाण्यात तो मातीवर व सेंद्रिय कचऱ्यावरच खर्ची पडतो. म्हणून गाळणं आधी, क्लोरिन नंतर. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी नेहमीच्या क्लोरिनला दाद देत नाही, पण उकळल्यावर मरतो. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात १९९३ साली हाच परजीवी गाळण प्रक्रियेतून निसटला आणि अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले. त्या दिवसांत केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढलेला होता. तेव्हा उकळणं आणि क्लोरिन यांत निवड करता येत असेल तर मी उकळण्याच्या बाजूने आहे.

घरात यूव्ही दिव्याचं शुद्धीकरण यंत्र असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मातीच्या कणांच्या आड जंतू लपतात आणि किरण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणजे गढूळ पाण्यात यूव्हीवर भरवसा ठेवता येत नाही. सूचना लागू असेपर्यंत यंत्रातून आलेलं पाणीही उकळा.

सूचनेतले शब्द नीट वाचा. "उकळून प्या" म्हणजे जंतूंचा धोका आहे. "पिऊ नका" असं लिहिलं असेल तर मामला बहुधा रसायनाचा असतो, आणि तिथे उकळणं उलट घातक ठरू शकतं, कारण वाफ निघून जाते आणि नायट्रेटसारखे विरघळलेले पदार्थ उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतात. "कोणत्याही कामासाठी वापरू नका" अशी सूचना क्वचित निघते. ती निघाली तर आंघोळही करायची नाही.

पाऊस पडल्यावरच का?

धरण भरलंय, नदी दुथडी वाहतेय, तरी पाणी कमी दाबाने का येतं, असा राग पावसाळ्यात हमखास ऐकू येतो. पहिल्या पावसात पाणलोटातली सैल माती वाहून येते आणि कच्च्या पाण्याचा गढूळपणा काही तासांत कित्येक पटींनी वाढतो. केंद्रात तुरटी किंवा पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड घालून ही माती खाली बसवतात. मात्रा किती घालायची हे जार टेस्टने ठरवतात: एकाच पाण्याच्या काही भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून कशात गाळ चांगला बसतो ते पाहतात. पाणी तासातासाला बदलत असेल तर मात्राही तशीच बदलत राहावी लागते. वाळूचे गाळणथर लवकर तुंबतात, ते उलट्या प्रवाहाने वारंवार धुवावे लागतात आणि तेवढा वेळ उत्पादन घटतं. गाळून जेवढं होईल तेवढंच पाणी सोडलं, तर पुरवठा कमी पडतो. पुरवठा टिकवण्यासाठी गाळणं घाईत उरकलं, तर गढूळ पाणी लोकांपर्यंत जातं. मला विचाराल तर कमी पण नीट गाळलेलं पाणी सोडणारा विभागच आपलं काम करतो आहे. वादळी पावसात पंपिंग स्टेशनची वीज गेली तर टप्पे चुकतात ते वेगळंच.

तरीही, इतक्या वर्षांच्या तक्रारी पाहता माझं मत ठाम आहे: केंद्रापेक्षा वाहिनीत पाणी बिघडण्याचा धोका मोठा, आणि तोच सहसा दुर्लक्षित राहतो.

जिथे पाणी दिवसातून ठरावीक तासच सुटतं तिथे उरलेला वेळ वाहिन्या रिकाम्या किंवा अर्धवट भरलेल्या असतात. वाहिनीत दाब आहे तोवर प्रत्येक बारीक गळतीतून पाणी बाहेर जातं, आत काही येत नाही. दाब गेला की त्याच गळतीतून बाहेरचं पाणी आत झिरपतं. उन्हाळ्यात वाहिनीभोवतीची माती कोरडी असते, आत यायला काही नसतं, म्हणून तीच गळती उन्हाळ्यात निरुपद्रवी वाटते. पावसाळ्यात वाहिनीभोवतीचा चर पाण्याने भरतो, गटारं तुंबून वाहतात, मलवाहिन्याही ओसंडतात. ते सगळं रिकाम्या वाहिनीत शिरतं आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडला की पहिल्या लोंढ्याबरोबर घरोघर पोहोचतं. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणारे यात आणखी भर घालतात. मोटर वाहिनीतला दाब शून्याखाली नेते, म्हणजे नुसतं झिरपण्याऐवजी घाण अक्षरशः आत शोषली जाते. एका घरात मोटर चालते आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या पाण्यात गटार येतं, हे अनेकांना सांगूनही पटत नाही, पण घडतं असंच.

रंग आणि वास काय सांगतात, काय सांगत नाहीत

स्वच्छ काचेचा पेला पाण्याने भरून पांढऱ्या कागदासमोर धरा आणि अर्धा तास तसाच ठेवा. दुधाळ पाणी तळापासून वरच्या दिशेने मिनिटा-दोन मिनिटांत निवळलं तर ती हवा आहे, काळजीचं कारण नाही. शटडाऊननंतर वाहिनी भरताना असं होतंच. पिवळट-तपकिरी पाणी आणि तळाला मऊ गाळ म्हणजे माती. लालसर, गंजासारखे कण दिसले तर जुना लोखंडी पाइप किंवा दाब अचानक वाढल्याने वाहिनीतून सुटलेला गंज. काळे कण बहुधा मँगनीजचे, नाहीतर झिजलेल्या रबरी वॉशरचे.

ओल्या मातीसारखा वास जिओस्मिन नावाच्या पदार्थामुळे येतो. तो शेवाळवर्गी सूक्ष्मजीव तयार करतात, माणसाच्या नाकाला लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढाही कळतो आणि त्याने स्वतः अपाय होत नाही. क्लोरिनचा उग्र वास आल्यावर लोक घाबरतात. पावसाळ्यात विभाग मात्रा मुद्दाम वाढवतो. पाणी उघड्या भांड्यात काही तास ठेवलं तर तो वास जातो. गटाराचा किंवा सडल्यासारखा वास मात्र वेगळ्या जातीचा. तो आला की त्या नळाचं पाणी पिणं तिथल्या तिथे बंद करा आणि लगेच कळवा.

पण रंगावर निकाल देऊ नका. मातीने गढूळ झालेलं पाणी क्लोरिन टिकून असेल तर तुलनेने कमी धोक्याचं असू शकतं, आणि आरशासारख्या स्वच्छ पाण्यात काविळीचा विषाणू असू शकतो. १९५५-५६ साली दिल्लीत हेच झालं. पुरानंतर यमुनेचं पात्र सरकलं, सांडपाण्याचा नाला पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. केंद्राने क्लोरिन वाढवलं होतं, त्यामुळे जिवाणूंमुळे होणारे आजार त्या प्रमाणात वाढले नाहीत, विषाणू मात्र पार झाला. पुढे तो हिपॅटायटिस ई असल्याचं सिद्ध झालं. या विषाणूचा शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंतचा काळ २ ते १० आठवड्यांचा असतो. म्हणजे गढूळ पाणी आठ दिवसांत निवळतं, सगळे विसरतात आणि महिन्याभराने घरात कावीळ येते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा आजार फार घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अशा स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. घरात गरोदर बाई असेल तर पावसाळाभर तिचं पाणी उकळलेलंच असू द्या. सूचना निघो वा न निघो.

क्लोरिन जिथे नाहीसं होतं, तिथे शोधा

यासाठी एकच साधन लागतं: उरलेलं क्लोरिन मोजायचा साधा किट. दोन प्रकार मिळतात. ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टमध्ये पाणी पिवळं होतं, डीपीडी नावाच्या रसायनाच्या टेस्टमध्ये गुलाबी. जमलं तर डीपीडीच घ्या, ते जास्त भरवशाचं आहे आणि ओटीचं रसायन हाताळायलाही चांगलं नाही. ओटी वापरत असाल तर रंग थेंब टाकताक्षणी वाचा. थोड्या वेळाने जो गडद पिवळा रंग येतो त्यात अमोनियासारख्या पदार्थांशी बांधलं गेलेलं, जंतू मारायला कमजोर झालेलं क्लोरिनही धरलं जातं आणि आकडा फसवा येतो. तपासलेलं पाणी फेकून द्या आणि नळी धुऊन ठेवा.

नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे कशाशीही न बांधलेलं क्लोरिन उरलेलं असावं. आयएस १०५०० या भारतीय मानकातही हाच आकडा आहे. तेच मानक गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ एनटीयू सांगते. क्लोरिन उरलेलं असणं म्हणजे वाटेत फारशी घाण मिसळली नाही याची खूण. घाण मिसळली की तिच्यावर ते संपतं.

आता क्रमाने तपासा. पहिला नमुना थेट लाइनच्या नळाचा, म्हणजे मीटरजवळचा, जिथे पाणी तुमच्या टाकीत पडण्याआधी येतं. अशी तोटी नसेल तर प्लंबरकडून आजच बसवून घ्या. एवढं स्वस्त आणि एवढं उपयोगी काम इमारतीच्या पाण्याबाबत दुसरं नाही. पाणी सुटल्याबरोबर एक नमुना, दहा मिनिटांनी दुसरा, अर्ध्या तासाने तिसरा. मग जमिनीखालच्या टाकीचा, मग गच्चीवरच्या टाकीचा आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या नळाचा. सगळे आकडे वेळेसकट एका कागदावर.

लाइनचं पाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं गढूळ आहे, क्लोरिन आहे, शेजारच्या भागांतही तसंच आहे, तर दोष केंद्रात किंवा जलकुंभात. विभागाला ते बहुधा ठाऊक असतं. तुम्ही गाळून उकळत राहा.

लाइनचं पाणी पहिली काही मिनिटं घाण, क्लोरिन शून्य, आणि नंतर स्वच्छ होऊन क्लोरिनही दिसू लागलं, तर रिकाम्या वाहिनीत बाहेरचं पाणी शिरतंय. इथे थोडं तारतम्य हवं. रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यातलं क्लोरिन आपोआपही कमी होतं, त्यामुळे नुसता पहिला शून्य आकडा पुरावा ठरत नाही. शून्याबरोबर गढूळपणा किंवा वास असेल, आणि पावसाच्या दिवशी ते वाढत असेल, तर मात्र संशय पक्का. मग शेजाऱ्यांना विचारा. गल्लीच्या तोंडाशी पाणी चांगलं आणि तुमच्यापासून पुढे खराब असेल तर गळती मधल्या टप्प्यात आहे. फक्त तुमच्याकडेच खराब असेल तर मुख्य वाहिनीपासून तुमच्या मीटरपर्यंतची जोडणी बघा. जुन्या वस्त्यांत ही जोडणी सर्रास गटारातून किंवा गटाराला लागून टाकलेली असते, आणि गंजलेल्या पाइपाला टाचणीएवढं भोक पडलं तरी तेवढं पुरतं. ती गटाराच्या वरून, बाजूने वळवून घेतल्याशिवाय ही तक्रार संपत नाही. पट्टी बांधून, एम-सील लावून एखादा महिना निघतो, एवढंच.

लाइनचं पाणी सगळा वेळ चांगलं आणि टाकीचं खराब, तर विभागाला फोन करण्याआधी आपलं घर बघा.

जमिनीखालची टाकी: सगळ्यात दुर्लक्षित जागा

पावसाळ्यात भूजल वर येतं आणि तडा गेलेल्या टाकीत बाहेरून पाणी झिरपतं. शौचालयाची टाकी किंवा मलवाहिनीचं चेंबर जवळ असेल तर काय झिरपत असेल ते सांगायला नको. ओळखायची पद्धत सोपी आहे. रात्री टाकी अर्धी भरलेली असताना आत येणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, मोटर बंद ठेवा आणि पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा. सकाळी पातळी वाढलेली दिसली तर बाहेरचं पाणी आत येतंय. कमी झाली तर तडा आहेच, फक्त आत्ता पाणी बाहेर जातंय. भूजल आणखी चढलं की दिशा उलटेल. ही चाचणी पाऊस भरात असताना करायची, उन्हाळ्यात केली तर निम्मंच उत्तर मिळतं.

झाकण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच कठड्यावर आहे का ते पाहा. फरशीच्या पातळीला असेल तर अंगणात साचलेलं पाणी सरळ आत जातं. ओव्हरफ्लोचा पाइप कुठे सोडलाय हेही बघा. तो गटाराच्या चेंबरमध्ये उतरवलेला असेल आणि चेंबर तुंबलं, तर पाणी उलटं टाकीत येतं. हा दोष बांधकामापासूनच असतो आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. पाइप मोकळ्या हवेत, जाळी लावून सोडायला हवा.

गच्चीवरच्या टाकीत गाळाचा थर तळाशी बसतो. पाणी पोटापर्यंत असेल तोवर तो हलत नाही. टाकी संपत आली, किंवा रिकामी टाकी भरताना धार जोरात पडली, की तो ढवळून निघतो. "सकाळी चांगलं आणि दुपारी गढूळ" अशी तक्रार आली की आधी इथेच बघावं.

टाकी धुताना आधी स्वतःचा जीव सांभाळा. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, आणि आत बेशुद्ध पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा माणूसही त्याच हवेत पडतो. झाकण कित्येक तास आधी उघडा, पंख्याने हवा आत सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असू द्या आणि वर कायम कोणीतरी उभं असू द्या. पेट्रोल-डिझेलचा पंप आत उतरवायचा नाही, त्याचा धूर जीव घेतो. गाळ काढून भिंती घासून झाल्यावर टाकी पाण्याने भरा आणि दर १,००० लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम ताजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घाला. अशा पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरिन असतं, त्यामुळे लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा होते. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, फक्त वरचं पाणी टाकीत ओतायचं. घरातले नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा, म्हणजे पाइपही निर्जंतुक होतात. २४ तासांनी सगळं सोडून द्या, झाडांच्या मुळाशी किंवा विहिरीजवळ नको. पुन्हा ताज्या पाण्याने भरा आणि किटवर क्लोरिन नेहमीच्या पातळीवर आल्यावरच प्यायला घ्या. टीसीएलबरोबर अॅसिड किंवा शौचालयाचं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू निघतो.

रोजच्या पाण्यासाठी मात्रा फारच कमी लागते. स्वच्छ दिसणाऱ्या १,००० लिटर पाण्याला २.५ ग्रॅम चांगली पावडर साधारण पुरते. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, पण ती अंदाजाने वाढवू नका. अर्ध्या तासाने मोजा आणि लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन मिळेपर्यंत थोडी थोडी वाढवा. उघड्या पिशवीत ठेवलेली, ओल लागलेली टीसीएल दम गेलेली असते. नाकाला वास आला नाही तर ती वापरू नये.

पूर आला आणि टाकीवरून पाणी गेलं असेल तर आतलं पाणी स्वच्छ दिसलं तरी ते सगळं काढून ही प्रक्रिया पहिल्यापासून करा. मोटर पाण्यात बुडाली असेल तर मुख्य स्विच बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय तिच्याजवळ जाऊ नका.

पहिल्या धारेचं काय करायचं

दोष वाहिनीत आहे आणि दुरुस्तीला वेळ लागणार आहे, असं बऱ्याचदा असतं. तोवर पाणी सुटल्यावर पहिली धार टाकीत घेऊ नका. लाइनच्या तोटीतून ती बादल्यांत काढा, पाणी निवळून क्लोरिन दिसू लागलं की मगच टाकीचा व्हॉल्व्ह उघडा. बादल्यांतलं पाणी शौचालयात ओतायला चालतं. ज्यांची टाकी बॉल कॉकवर आपोआप भरते त्यांच्याकडे सगळी घाण सगळ्यात आधी टाकीतच जाते, म्हणून पावसाळ्यापुरता व्हॉल्व्ह हाताने चालवणारा एक माणूस इमारतीने ठरवून घ्यावा. थेट मोटरी बंद करण्याचं गल्लीत एकमताने ठरवता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही.

तक्रार अशी लिहा की माणूस थेट जागेवर येईल

"दूषित पाणी येत आहे, कृपया कारवाई करावी" एवढ्या वाक्यावर खोदकाम करणाऱ्या पथकाला काही करता येत नाही. ग्राहक क्रमांक आणि पत्ता तर द्याच, पण त्याबरोबर हेही लिहा: पाणी कधी सुटतं, किती मिनिटं घाण येतं, वास कसला, पाऊस पडल्यावर वाढतं का, नमुना लाइनच्या तोटीचा आहे की टाकीचा, क्लोरिन किती आलं आणि गल्लीत कोणत्या घरापासून त्रास सुरू होतो. पाच-सहा घरांनी आपापले आकडे एकत्र दिले तर गळती शोधायचं निम्मं काम तिथेच होतं. पाणी बंद असताना मीटरजवळची तोटी उघडून पेल्यातलं पाणी तोटीच्या तोंडाशी धरा. पाइप ते ओढून घेत असेल तर वाहिनीत शोषण होतंय. तेही लिहा.

जंतूंची तपासणी मागायची असेल तर बाटली प्रयोगशाळेचीच घ्या. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरिन मारणारं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ती आतून विसळू नका. नमुना बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, काही तासांतच पोहोचवा. निकालात १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू अजिबात असता कामा नये. घरच्या घरी प्राथमिक अंदाजासाठी एच२एसची, म्हणजे जिवाणूंनी तयार केलेला हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणारी बाटली मिळते. ही पद्धत भारतातच १९८२ साली मांडली गेली. भरून ठेवलेली बाटली १ ते २ दिवसांत काळी पडली तर विष्ठेची भेसळ असल्याचा दाट संशय घ्यावा. काळी पडली नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका, विषाणू तिला कळत नाहीत.

एकाच इमारतीत किंवा गल्लीत एका आठवड्यात जुलाब-उलट्यांचे तीन-चार रुग्ण दिसले तर पाणीपुरवठा विभागाइतकंच आरोग्य विभागालाही कळवा. कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर उथळ विहिरीत शेणाची भेसळ झाली, क्लोरिन पुरेसं पडत नव्हतं आणि नोंदवहीत मात्र आकडे व्यवस्थित लिहिलेले होते. ७ माणसं गेली, २,३०० च्या आसपास आजारी पडली. नोंदवहीतला आकडा आणि तुमच्या नळाचा आकडा यांत फरक दिसला तर तो लेखी विचारायला संकोच करू नका. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस लगेच सुरू करा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा मूल सुस्त पडलं तर घरी वाट पाहायची नाही, दवाखाना गाठायचा.

दुरुस्ती झाली की पथक वाहिनी धुऊन सोडतं. त्या दिवशीचं पाणी चांगलं दिसलं तरी तेवढ्यावर तक्रार बंद करायला संमती देऊ नका. पुढचा जोरदार पाऊस होऊ द्या, दुसऱ्या दिवशी पाणी सुटताक्षणी लाइनच्या तोटीचा नमुना घ्या, दहा मिनिटांनी दुसरा घ्या. दोन्हींत गढूळपणा नाही, वास नाही आणि दुसऱ्यात क्लोरिन ०.२ च्या वर आहे, मग तक्रार बंद करा आणि उकळणं आणखी आठवडाभर चालू ठेवा.